त्राटिकेचं आतलं तोंड

पंचवटीत खोली मिळवण्यासाठी मला हत्ती काढून दाखवावा लागला होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सातपूरच्या एका कंपनीत मी स्टोअर क्लार्क म्हणून नुकताच लागलो होतो. बी.ए.चं गुणपत्रक आणि नेमणुकीचं पत्र असे दोन्ही कागद घेऊन मी खोली बघायला गेलो. पेठ तालुक्यातल्या आमच्या पाड्यावरचा मी पहिला पदवीधर. 'हे मिरवायला सांगत नाही' असं म्हणायची पद्धत आहे. मी मिरवायलाच सांगतो आहे. ते गुणपत्रक मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, ती दुसऱ्या पिशवीत घालून नेलं होतं.

घरमालक काकांनी गुणपत्रक वाचलं नाही. कागदाची जाडी बोटांनी चाचपली, "भिजायला वेळ लागेल याला" असं पुटपुटले आणि परत दिलं. मग म्हणाले, "हात दाखव." माझी नखं बघितली, बोटांच्या बेचक्या बघितल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडून कोरी बाजू माझ्यापुढे केली.

"हत्ती काढ."

"कसला हत्ती?"

"सोंडेचा."

मी काढला. चार खांबांवर पाण्याची टाकी उभी करावी आणि तिचा नळ सुटावा, तसा तो झाला. काकांनी तो खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितला. मी मुद्दाम वाईट काढलाय की काय, अशी त्यांना शंका होती. म्हणून मोर काढायला लावला. मोर बघितल्यावर मात्र त्यांचा चेहरा सैल झाला. आत वळून म्हणाले, "अहो, चहा टाका. हा राहील."

मागच्या भाडेकरूला कोंबडा बरा जमला होता, असं काकूंनी पुढे मला सांगितलं. आठ दिवसांत त्याला खोली सोडावी लागली.

काका कागदाचे मुखवटे करायचे. शाडूच्या साच्यावर कागद आणि लगदा चढवायचा, वाळला की सोडवायचा, वर खडूची पूड आणि सरस यांचा पांढरा हात द्यायचा आणि मग रंग. बोहाड्याची सोंगं ही त्यांची खासियत. आमच्या पेठ-सुरगाण्याकडे चैत्र-वैशाखात बोहाडा होतो. देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे बांधून माणसं वाजंत्रीवर नाचतात. कोणतं सोंग कोणत्या घरानं नाचवायचं हे ठरलेलं असतं, तो त्या घराचा मान. अशा पुष्कळ गावांची सोंगं दरवर्षी काकांकडे डागडुजीला यायची.

काम उत्तम होतं आणि माणूस संशयाने भरलेला होता. लाल रंग ते मेन रोडवरून आणायचे, पिवळा भद्रकालीतून, आणि निळीसाठी थेट नाशिकरोडला जायचे. का, तर एकाच दुकानदाराला सगळे रंग कळले तर तो मिश्रण ओळखेल. दर वेळी पिशवी वेगळी. दुधाच्या पातेल्याला आतून त्यांनी गेरूची रेघ ओढलेली होती. वीजमीटर बघायला माणूस आला की हातातलं सोंग भिंतीकडे तोंड करून ठेवायचे आणि दारात आडवे उभे राहायचे.

"बघण्यासारखं काय आहे?"

"अहो, तो मीटर बघायला आलाय," काकू आतून ओरडायच्या.

"मीटर बाहेर आहे. हा आत का बघतोय?"

"तुम्ही आडवे उभे राहिलात म्हणून बघतोय!"

'बघण्यासारखं काय आहे?' हे वाक्य मी त्या घरात दिवसातून दहा वेळा ऐकलं असेल. पोस्टमनला, भाजीवालीला, एकदा तर खिडकीतल्या मांजरालाही.

कागदाबद्दल त्यांचे स्वतःचे नियम होते. वर्तमानपत्र भिजवण्याआधी ते त्यातले फोटो फाडून काढत. नेता असो की नटी, सगळ्यांची तोंडं बाजूला. "एका तोंडाच्या आत दुसरं तोंड नको," म्हणायचे. अस्तराला, म्हणजे जिथे माणसाचा गाल टेकतो तिथे, त्यांना छापील कागद चालायचाच नाही. घामाने छापखान्याची शाई सुटते आणि नाचणाऱ्याचं तोंड काळं होतं. तिथे वहीचा कागद. मी त्या वेळी सरकारी परीक्षांचा अभ्यास करत होतो, रोज पानंच्या पानं लिहून टाकत होतो. माझी टोपली दर रविवारी रिकामी झालेली असायची. काकू केर काढतात, असं मी धरून चाललो होतो.

कामाच्या खोलीत मला मज्जाव होता. तीन वर्षांत मी तिचा उंबरा ओलांडला नाही.

आमच्या घराकडे त्राटिकेचा मान आहे. शहरातली माणसं हसतात, राक्षसिणीचा कसला मान म्हणून. हसू द्या. आजा त्राटिका नाचवायचा, त्याच्यामागे बा नाचवतो. आमचं सोंग जुनं, लाल तोंडाचं, वर आलेले दोन सुळे, आणि डोळे असे की लहानपणी मी तिच्या समोरून जात नसे. आधी जो कारागीर तिला रंग द्यायचा तो वारला, तेव्हा मीच बाला म्हणालो, "माझ्या घरमालकांना देऊ. माणूस विचित्र आहे पण हात चांगला आहे." माझ्या शब्दावर सोंग नाशकात आलं. दोन वर्षं नीट गेली. काका वरवर रंगाचा हात फिरवायचे आणि मी एस.टी.ने ती परत न्यायचो.

तिसऱ्या वर्षी, सोंग काकांकडे असतानाच, एक पांढरी व्हॅन दारात आली. मुंबईचा माणूस, बोटात अंगठ्या, तोंडात सतत 'अँटिक'. जुने मुखवटे विकत घेत गावोगाव हिंडणारी अशी माणसं तेव्हा नुकती दिसायला लागली होती. पहिल्यांदा काकांनी त्याला हाकललं. दुसऱ्यांदा ओट्यावर बसवलं. तिसऱ्यांदा मी कंपनीतून आलो तर तो व्हॅनमध्ये काहीतरी ठेवत होता, जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं, सोंगाएवढं. लुगडं जरा सरकलं होतं. आत काळपट लाल दिसलं.

"काय नेलं त्यांनी?" मी विचारलं.

काका म्हणाले, "बघण्यासारखं काय आहे?" आणि आत गेले. माझ्याकडे न बघता गेले, हे मी मनात टिपून ठेवलं.

आठवड्याने मी त्राटिका गावी नेली. बोहाडा महिनाभरावर होता. बाने सोंग हातात घेतलं, वजन अजमावलं, मग डोक्याला फडकं बांधून ते तोंडावर चढवलं. दोन पावलं टाकली आणि थांबला. काढलं. परत चढवलं. परत काढलं.

"हे आपलं सोंग नाय."

आई म्हणाली, "काय बोलता? तीच तर हाय. ते बघा सुळे."

"तोंड तेच हाय," बा म्हणाला. "पण आपली नाय ही. हलकी हाय. नाकाला लागती हाय. वास नाय. आन दातात धरायची गाठ नवी हाय."

गल्लीतल्या पाच-सात जणांनी बघितलं. सगळे म्हणाले तीच आहे. एकटा बा म्हणत होता की नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सगळ्या गावानं त्राटिका बाहेरून बघितली होती आणि बाने ती तीस वर्षं फक्त आतून बघितली होती. तोंडावर बांधल्यावर तिचे सुळे त्याला कसे दिसणार? त्याला ओळखीचा होता तो आतला खड्डा, कपाळाचा टेका, आजाच्या आणि त्याच्या दातांनी चावलेली ती कापडाची गाठ.

मला व्हॅन आठवली. लुगडं आठवलं.

मी शिकलेला माणूस. भांडण करण्याआधी पुरावा पाहिजे, हे मला कळत होतं. जुन्या सोंगाला रंगाचे थरावर थर असतात, नव्याला नसतात. कापून बघितलं की झालं. पण त्राटिकेच्या तोंडावर ब्लेड चालवायची माझी छाती होईना. पदवी असली तरी भीती लहानपणचीच होती. म्हणून मी सोंग पालथं केलं आणि आतून, डाव्या जबड्याजवळ, दाढीच्या ब्लेडने चौकोन कापला.

आत माझंच अक्षर होतं.

निळ्या बॉलपेनने, वळणदार, मीच लिहिलेलं: 'राज्यपालाचे अधिकार स्पष्ट करा.' त्याच्या खाली अर्धवट उत्तर, वर सुकलेली खळ. ते पान मी संक्रांतीच्या सुमाराला लिहून फेकलं होतं. म्हणजे हे सोंग संक्रांतीनंतर झालेलं. आजानं नाचवलेल्या त्राटिकेच्या आत माझा राज्यपाल असायचं कारण नव्हतं. मी रागावलो होतो. आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी खूशही होतो, की पुरावा सापडला आणि तो मला सापडला.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर गाव जमला. मी उभा राहिलो. कापलेला चौकोन दाखवला, माझं अक्षर दाखवलं, व्हॅनची हकीकत सांगितली. "आपलं सोंग विकलं गेलं आहे," मी म्हणालो. "हे नक्कल केलेलं आहे."

पोलीस पाटील म्हातारा माणूस. तो म्हणाला, "शिकेल पोरगा सांगतो हाय. उगं सांगंल काय?" मग लगेच दुसऱ्या गावांना निरोप गेले: त्या नाशिकच्या रंगाऱ्याकडे सोंगं देऊ नका, दिली असतील तर परत आणा. दोन गावांची माणसं तर त्याच दिवशी एस.टी.त बसली. बा खाली मान घालून बसला होता. घरचं सोंग गेलं म्हणजे मान गेला, आणि ते घालवलं त्याच्याच पोराच्या शब्दाने.

बाने पोलीस ठाण्यात जाऊ दिलं नाही. म्हणाला, "आधी त्या मानसाला विचारू." आम्ही दोघं त्राटिका घेऊन पंचवटीत आलो.

दारात काकू उभ्या होत्या, डोळे लाल. आदल्या दिवशी दोन गावांनी सोंगं नेली होती आणि नेताना जे बोलायचं ते बोलून गेली होती. काका ओट्यावर बसले होते. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी फक्त सोंग मागितलं, पालथं केलं, कापलेल्या चौकोनात बोट घातलं.

"आतून कापलंस?"

"हो."

"बाहेरून का नाही कापलं?"

मी तिच्या सुळ्यांकडे बघितलं.

"बाहेरून कापलं असतंस तर सगळे थर दिसले असते. तुझ्या आजाच्या वेळचा लाल हिंगूळसुद्धा दिसला असता." मग बाकडे वळले. "तुम्ही नाचवता?"

"हा."

"आतून कुजलं होतं. घामाने. किड्याने जबडा पोखरला होता, अजून एक बोहाडा टिकलं नसतं. तोंड तसंच ठेवलं. आतलं सोडवून काढलं आणि नवीन अस्तर बसवलं."

"मग सांगितलं का नाही?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

"सांगतो! म्हणजे तू पेठेत सांगणार, पेठेतला सुरगाण्यात सांगणार, आणि उद्या जो तो घरी अस्तर सोडवत बसणार. वीस वर्षं लागली मला ते अखंड सोडवायला शिकायला!"

"आणि ती व्हॅन?"

काका परत त्या चौकोनाच्या कडा चाचपायला लागले. काकूच बोलल्या. "सांगा आता. नाव तर गेलंच आहे."

"नवीन होतं ते," काका कसंबसं म्हणाले. "त्याला जुनं पाहिजे होतं. चहाचं पाणी, चुलीचा धूर. आठ दिवसांत शंभर वर्षांचं करून दिलं."

"त्या मेल्याला फसवलं याचं मला काही नाही," काकू म्हणाल्या. "पण लुगडं माझं दिलं बांधायला."

बा हे काही ऐकत नव्हता. त्याने हळूच विचारलं, "जुनं आतलं काय केलं?"

काका उठले, कामाच्या खोलीत गेले आणि कडी लावून घेतली. आतून पोती सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात काळंकुट्ट, सुकलेल्या कातड्यासारखं काहीतरी होतं. सोंगाचं आतलं तोंड. बाहेरचं सगळं काढून घेतल्यावर फक्त माणसाचा चेहरा टेकायची जागा उरावी, तसं. कोणत्याही सोंगाचा कुजका तुकडासुद्धा ते टाकत नसत, पोत्यात भरून ठेवत. कोण कधी काय आळ घेईल सांगता येत नाही, म्हणून. आयुष्यभर त्यांनी या दिवसाची तयारी केली होती.

बाने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि तोंडावर धरलं. एक जागा किड्याने खाल्ली होती, तिथून त्याची दाढी दिसत होती. त्याने गाठ दातात धरली. डोळे मिटले. गाठ दातातच ठेवून काहीतरी बोलला, ते आम्हा तिघांपैकी कोणालाच कळलं नाही. मग ते खाली घेतलं आणि काकांच्या पायाशी वाकला. काका दचकून मागे सरले.

चौकोन बुजवायला काकांनी दोन दिवस घेतले. त्या दोन दिवसांत माझ्याशी एकच वाक्य बोलले. "पारावर बोललास, पारावरच परत बोल."

मी बोललो. पण इथे मला माझ्याच फजितीबद्दल लिहावं लागणार. गावासमोर 'मी चुकलो' हे दोन शब्द माझ्या तोंडातून निघेनात. मी शुद्ध भाषेत सुरुवात केली: "सदर प्रकरणात काही तांत्रिक बाबींच्या अपुऱ्या माहितीमुळे गैरसमज निर्माण झाला..." लोक एकमेकांकडे बघायला लागले. मागच्या वेळी मी साधं बोललो होतो, आज असं का बोलतोय?

मागून एकजण म्हणाला, "रंगाऱ्यानं खोली फुकट दिली वाटतं!" हशा पिकला. पोलीस पाटील माझ्याकडे बारीक डोळे करून बघत होता. मी जितकं समजावलं तितका संशय घट्ट होत गेला, आणि आता तो माझ्यावरही होता. काकांचं काम माझ्या एका भाषणाने गेलं होतं, दुसऱ्या भाषणाने ते परत येत नव्हतं.

बा उठला. काखेतल्या फडक्यातून ते जुनं आतलं तोंड काढलं आणि सरळ पोलीस पाटलाच्या नाकाशी नेलं.

"हुंग."

"अरे, काय हे?"

"हुंग तर आधी."

पाटलाने हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. मग पुन्हा हुंगलं. "तुझ्या बाची तंबाखू," तो म्हणाला.

ते हातोहात पारावर फिरलं. म्हाताऱ्यांनी गाठीवरचे दात बोटाने चाचपले. एकाने तर आजाचा पडलेला दात कोणत्या बाजूचा होता तेही त्या खुणांवरून सांगितलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी बा ते फडक्यात बांधून हरसूलला गेला, त्यापुढच्या वेळी पेठेला. जिथे जिथे माझा पहिला निरोप गेला होता तिथे तिथे गेला, आणि प्रत्येक ठिकाणी एकच शब्द बोलला. त्याला एकही परीक्षा द्यावी लागली नाही. त्या वर्षी बोहाड्याआधी काकांकडे अर्धी सोंगं परत आली. पुढच्या वर्षी बाकीची.

मी खोली सोडीन, असं काकांना वाटत होतं. त्यांनी काढून टाकावं, असं मला वाटत होतं. दोघांनीही विचारलं नाही, म्हणून मी आणखी सहा वर्षं तिथे राहिलो. त्यांचा संशय कमी झाला नाही, फक्त माझ्यापुरता त्याला आधार मिळाला. टोपलीतली माझी पानं ते आता भिजवण्याआधी वाचायचे. "राष्ट्रपतीचा कार्यकाळ चुकवलायस," एकदा जेवताना म्हणाले.

नवं अस्तर बाच्या नाकाला लागायचंच. पुढच्या वर्षी काकांनी निरोप दिला, सोंग नको, माणूस पाठव. बा आला. काकांनी त्याला कामाच्या खोलीत नेलं, जिथे मी कधी गेलो नव्हतो. मी मागोमाग निघालो तर दारात हात आडवा आला.

"पदवीवाल्यांनी बाहेर बसायचं."

मी ओट्यावर बसलो. अस्तराचं माप घ्यायला चेहऱ्यावर ओल्या कागदाचे थर चढवून ते बसेपर्यंत तास-दीड तास तरी जातो, तोवर माणसाला डोळे उघडता येत नाहीत की ओठ हलवता येत नाहीत, एवढं मला काकूंकडून कळलं होतं. थोड्या वेळाने आतून बोलणं ऐकू यायला लागलं. आवाज काकांचा. एकसारखा, थांबत थांबत, मध्येच हसल्यासारखा, एकदा तर गहिवरल्यासारखा. जो माणूस मीटरवाल्याशी एक वाक्य धड बोलत नव्हता तो तासभर बोलत होता. मी कान लावला, पण शब्द लागेनात. काकू तांदूळ निवडत होत्या, त्यांचाही हात थांबला होता.

"कोणाशी बोलतायत?" मी विचारलं.

"तुझ्या वडलांशीच. दुसरं कोण आहे आत?"

संध्याकाळी बाला एस.टी. स्टँडवर सोडायला गेलो. त्याच्या कानामागे खळ सुकलेली होती. मी विचारलं, "काका काय सांगत होते एवढं?"

बाने खळीची खपली नखाने काढली.

"तोंडावर कागद होता. मी कुठला बोलनार?"

"तू नाही. ते काय बोलत होते?"

पेठची गाडी लागली. बाने पिशवी उचलली, पायरीवर पाय ठेवला आणि मागे वळला.

"ते त्यांनी मला सांगितलं," तो म्हणाला. "तुला सांगायचं असतं तर तुला आत घेतलं असतं."